बेनिनचे पितळ : परत कोणाला, आणि कोणत्या हक्काने?

नायजेरियातील बेनिन सिटी या शहरात ९ नोव्हेंबर २०२५ रोजी एका नव्या संग्रहालयात निमंत्रितांसाठी पूर्वदर्शनाचा कार्यक्रम चालू होता. परदेशी राजनैतिक अधिकारी, देणगीदार, कलावंत आणि अभ्यासक जमले होते. ‘म्युझियम ऑफ वेस्ट आफ्रिकन आर्ट’, अर्थात ‘मोवा’, दोनच दिवसांनी सर्वांसाठी खुले व्हायचे होते. तेवढ्यात निदर्शकांचा जमाव आवारात घुसला. हे संग्रहालय आमच्या राजाच्या अधिकारात असले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. पाहुण्यांना बंदोबस्तात सुरक्षित स्थळी हलवावे लागले आणि उद्घाटन लांबणीवर पडले. एडो राज्याच्या सरकारने संग्रहालयाच्या जमिनीचा हक्कदाखला रद्द केल्याचेही त्याच सुमारास जाहीर झाले. राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांना तोडग्यासाठी समिती नेमावी लागली.

या घटनेचा उपयोग युरोपातील काही मंडळींनी अपेक्षेप्रमाणेच करून घेतला. ‘आफ्रिकेतून नेलेल्या वस्तू परत दिल्या तर त्यांचे असेच होणार’, हा जुना युक्तिवाद नव्याने मांडला गेला. सव्वाशे वर्षांपूर्वी लुटून नेलेल्या बेनिनच्या वस्तू परत करण्याची मोहीम ऐन रंगात असताना हा प्रसंग घडला, त्यामुळे त्याचे पडसाद दूरवर उमटणे साहजिक होते. तथापि, एखाद्या घरातून चोरीला गेलेला ऐवज सापडल्यावर तो कोणी ठेवायचा यावरून भावाभावांत तंटा झाला, म्हणून तो ऐवज ज्याच्याकडे सापडला त्याचाच मानावा, असे कोणी म्हणत नाही. संग्रहालयांच्या बाबतीत मात्र हा तर्क गांभीर्याने केला जातो. तो का केला जातो आणि कोठे फसतो, हे समजून घेण्यासाठी बेनिनचे उदाहरण मुळापासून पाहिले पाहिजे.

१८९७ चा फेब्रुवारी

प्रथम नावाचा घोळ दूर करावा लागेल. आज ‘बेनिन’ नावाचा जो देश नकाशावर दिसतो तो पूर्वीचा दाहोमे. त्याने हे नाव १९७५ साली घेतले. येथे विषय आहे तो बेनिनच्या जुन्या राज्याचा, ज्याची राजधानी आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात होती. या राज्याच्या राजाला ‘ओबा’ म्हणतात आणि तेथील लोक व त्यांची भाषा एडो या नावाने ओळखली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाम तेल, रबर आणि हस्तिदंत यांच्या व्यापारावर ब्रिटिशांना निर्वेध ताबा हवा होता. ओबा ओव्होनरामवेन मात्र आपल्या अटींवर व्यापार करू पाहत होता. तेथील प्रभारी ब्रिटिश अधिकारी जेम्स फिलिप्स याने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पत्र लिहून या राजाला पदच्युत करण्याची परवानगी मागितली. मोहिमेचा खर्च राजवाड्यातील हस्तिदंतातून भरून निघेल, असा हिशेबही त्याने त्याच पत्रात मांडला होता. उत्तराची वाट न पाहता तो जानेवारी १८९७ मध्ये आपला काफिला घेऊन निघाला. राजधानीत धार्मिक विधींचा काळ असल्याने ओबा भेटू शकत नाही, हा निरोप त्याने मानला नाही. वाटेत काफिल्यावर हल्ला झाला. फिलिप्स मारला गेला. त्याच्यासोबतच्या ब्रिटिशांपैकी दोघेच वाचले, आणि ओझेवाहू आफ्रिकी माणसेही मोठ्या संख्येने प्राणाला मुकली.

ब्रिटिशांना निमित्त मिळाले. अवघ्या काही आठवड्यांत रिअर ॲडमिरल हॅरी रॉसन याच्या नेतृत्वाखाली ‘दंडात्मक मोहीम’ निघाली आणि १८ फेब्रुवारी १८९७ रोजी बेनिन सिटी पडली. राजवाडा लुटला गेला, शहराचा मोठा भाग आगीत जळाला. ओव्होनरामवेनला कालाबार येथे हद्दपार करण्यात आले. तेथेच १९१४ साली त्याचा अंत झाला. लुटीतील हजारो वस्तूंपैकी काही अधिकाऱ्यांनी आपापल्या घरी नेल्या, तर काही मोहिमेच्या खर्चासाठी विकण्यात आल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ३०० पितळी फलकांचे प्रदर्शन भरले आणि युरोप थक्क झाला. इतके कसलेले ओतकाम आफ्रिकी कारागिरांनी केले असेल, यावर अनेकांचा विश्वासच बसेना. बर्लिनच्या संग्रहालयातील फेलिक्स फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाने या कलेची प्रत ताबडतोब ओळखली आणि शक्य तितक्या वस्तू खरेदी करण्याचा सपाटा लावला. बर्लिनच्या संग्रहात ५०० हून अधिक बेनिन वस्तू जमा झाल्या, तर ब्रिटिश म्युझियममध्ये आज ९०० हून अधिक आहेत. ब्रिटिश म्युझियममधील या वस्तूंपैकी प्रेक्षकांसमोर मांडलेल्या वस्तूंची संख्या शंभराच्या आसपास आहे, उरलेल्या कोठारात.

वस्तू नव्हे, वह्या

जगभर या वस्तू ‘बेनिन ब्राँझ’ या नावाने ओळखल्या जातात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक धातुकाम पितळेचे आहे आणि संग्रहात हस्तिदंताच्या, लाकडाच्या व पोवळ्यांच्या वस्तूही आहेत. मेणाची आकृती घडवायची, तिच्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही पद्धत भारतालाही पुरातन काळापासून परिचित आहे. चोळांच्या मूर्ती आणि बस्तरचे ढोकरा काम याच पद्धतीचे. बेनिनमध्ये हे काम इगुन मोहल्ल्यातील कारागिरांच्या वंशपरंपरागत संघाकडे होते. त्याच रस्त्यावर आजही भट्ट्या पेटतात.

या वस्तूंकडे केवळ ‘कला’ म्हणून पाहिले तर त्यांचे अर्धे मोल हरवते. राजा मरण पावल्यावर त्याचा वारस त्याच्या स्मरणार्थ पितळी शिरे ओतवून घेई. ती पूर्वजांच्या वेदीवर स्थापन होत आणि त्यांच्यावर कोरीव हस्तिदंत उभे केले जात. राजवाड्याच्या खांबांवर लावलेल्या फलकांत दरबार, युद्धे, सरदार, वाद्यवादक, विधी यांची चित्रे होती. कोणाचा मान काय, कोणाच्या गळ्यात पोवळ्यांचे किती सर, कोण कोणाच्या उजव्या हाताला उभा, हे सारे त्यांत नोंदलेले असे. लिखित बखर नसलेल्या राज्याची ही धातूतील बखर होती. एडो भाषेत स्मरण करणे या अर्थी जो शब्दप्रयोग आहे त्याचा शब्दशः अर्थ धातूत आकृती ओतणे असा होतो, असे अभ्यासक सांगतात. त्यामुळे १८९७ साली राजवाड्याच्या भिंतींबरोबर तेथील दप्तरही उचलले गेले. पाने सुटी होऊन विखुरली आणि कोणते पान कोणत्या पानानंतर येत होते, हे सांगणारा क्रम कायमचा मोडला.

पोर्तुगीजांची कडी

गोव्याच्या वाचकाला या फलकांत एक ओळखीचा चेहरा भेटेल. लांब केस, टोकदार दाढी, अंगरखा आणि हातात बंदूक असा पोर्तुगीज सैनिक बेनिनच्या कितीतरी फलकांवर ओतलेला आहे. अल्फोन्स द अल्बुकर्क १५१० साली मांडवीच्या मुखाशी येण्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी पोर्तुगीज बेनिनला पोहोचले होते. राजमाता इडिया हिचा म्हणून ओळखला जाणारा सोळाव्या शतकातील हस्तिदंती मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या शिरोभूषणावरही दाढीधारी पोर्तुगीजांची इवलीशी मुंडकी कोरलेली आहेत. तसाच दुसरा मुखवटा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे.

पोर्तुगीजांनी बेनिनला दिलेली मुख्य वस्तू होती पितळेची आणि तांब्याची कडी. ‘मनिला’ या नावाची, नालेच्या आकाराची ही कडी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चलन म्हणून वापरली जात. मिरी, हस्तिदंत आणि माणसे, असा तिन्हींचा मोबदला त्यांत चुकता होई. बेनिनच्या कारागिरांनी हीच कडी वितळवून आपले फलक ओतले, असा अंदाज फार पूर्वीपासून होता. जर्मन संशोधकांच्या एका गटाने अटलांटिकमधील जहाजांच्या अवशेषांत व अन्यत्र सापडलेल्या कड्यांतील शिशाची रासायनिक खूण तपासली आणि २०२३ साली या अंदाजाला भक्कम आधार दिला. कड्यांसाठी वापरलेल्या धातूचा उगम जर्मनीतील ऱ्हाइनलँड भागात असल्याचेही त्यातून दिसून आले.

हा शोध प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिला नाही. गुलाम म्हणून अमेरिकेत नेल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांच्या एका अमेरिकी संघटनेने त्याआधीच एक अवघड प्रश्न विचारला होता. ज्या पितळेपासून या वस्तू घडल्या ते पितळ आमच्या पूर्वजांना विकून मिळाले असेल, तर त्या वस्तूंवर आमचा काहीच अधिकार नाही काय? अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने आपल्याकडील २९ बेनिन वस्तू ऑक्टोबर २०२२ मध्ये नायजेरियाच्या स्वाधीन केल्या, तेव्हा या संघटनेने न्यायालयाचे दारही ठोठावले. तेथे तिला यश आले नाही. कायद्याने प्रश्न निकालात निघाला असला तरी त्यामागचे सत्य नाकारता येत नाही. बेनिनचे राज्यही गुलामांच्या व्यापारात सहभागी होते. लुटले गेलेले राज्य निष्पाप होते म्हणून लूट परत करायची नसते. ती लूट होती म्हणून परत करायची असते. हा भेद ध्यानात ठेवला तर इतिहासातील गैरसोयीची पाने झाकून ठेवण्याची गरज उरत नाही.

यादी करण्याचे काम

वस्तू परत मागण्यासाठी आधी ती कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. हे काम वाटते तितके सोपे नाही. १८९७ नंतर लिलावांत, दुकानांत, खासगी संग्रहांत आणि विद्यापीठांत बेनिनच्या वस्तू फिरत राहिल्या. एकाच फलकाला चार मालकांनी चार क्रमांक दिले, नावे बदलली, कोणी ‘भेट मिळाली’ असे लिहिले, कोणी काहीच लिहिले नाही. जुन्या नोंदवह्या, सैनिकांच्या रोजनिशा, लिलावांच्या याद्या आणि वस्तूच्या पाठीवरचे पुसट आकडे जुळवत तिचा माग काढणे, ही आज संग्रहालयशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच बनली आहे.

हॅम्बुर्ग येथून चालवलेल्या ‘डिजिटल बेनिन’ या प्रकल्पाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशी एकत्रित सूची सर्वांसाठी खुली केली. तिच्यात २० देशांतील १३१ संस्थांकडच्या ५,२४६ वस्तूंची छायाचित्रांसह नोंद होती. वस्तूंची एडो भाषेतील नावे आणि मौखिक परंपरेतून मिळालेली माहितीही तेथे दिली गेली. लंडनच्या कोठारातील एखाद्या वस्तूला तिच्या मूळ नावाने हाक मारण्याची सोय बेनिन सिटीतील एखाद्या विद्यार्थिनीला या यादीने प्रथमच उपलब्ध करून दिली. आमच्याकडे किती वस्तू आहेत हे आम्हालाच नीट माहीत नाही, ही सबब यापुढे चालणार नाही, हेही या यादीने ठरवून टाकले.

सही कोणाची?

परतीच्या वाटा मात्र सारख्या नाहीत. जर्मनी आणि नायजेरिया यांनी १ जुलै २०२२ रोजी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यानंतर बर्लिनच्या संस्थेने ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे हस्तांतरित केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये परराष्ट्रमंत्री ॲनालेना बेअरबॉक पहिल्या वीसएक वस्तू घेऊन स्वतः अबुजा येथे गेल्या. सुमारे एकतृतीयांश वस्तू बर्लिनमध्येच राहिल्या. परंतु आता त्या नायजेरियाने जर्मनीला उसन्या दिलेल्या आहेत. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयानेही त्याच वर्षी ७२ वस्तूंची मालकी सोडली आणि त्यांतील काही नायजेरियाच्या संमतीने प्रदर्शनात ठेवल्या. नेदरलँड्सने जून २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. एकाच वेळी इतक्या बेनिन वस्तू प्रत्यक्ष मायदेशी पोहोचण्याचा हा आजवरचा सर्वांत मोठा प्रसंग.

ब्रिटिश म्युझियमने मात्र १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवले आहे. मोजके अपवाद वगळता संग्रहातील वस्तू कायमची देऊन टाकण्यास हा कायदा विश्वस्तांना मनाई करतो. हॉर्निमन किंवा केंब्रिज, ॲबर्डीन येथील विद्यापीठीय संस्था या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून त्यांना निर्णय घेता आले. कायद्याची अडचण खरी आहे. पण तिचा इतिहास पाहिला तर ती तितकीशी अभेद्य वाटत नाही. याच ब्रिटिश म्युझियमने १९५० ते १९७२ या काळात ‘एकासारखे एक’ असल्याचे सांगून तीसहून अधिक बेनिन फलक विकले वा बदल्यात दिले होते. त्यांतील काही नायजेरियाच्या सरकारने लागोसच्या संग्रहालयासाठी पैसे मोजून विकत घेतले. स्वतःच्या घरातून गेलेली भांडी बाजारात विकत घ्यावी, तसाच हा व्यवहार. १९७७ साली लागोस येथे आफ्रिकी कलामहोत्सव भरला; त्याचे बोधचिन्ह इडियाचा मुखवटा होते. तो मुखवटा तेवढ्यापुरता उसना मागितला असता, तो फार नाजूक आहे, असे सांगून ब्रिटिश म्युझियमने नकार दिला. महोत्सवाला प्रतिकृतीवर भागवावे लागले.

अलीकडे ब्रिटनने मध्यममार्ग म्हणून दीर्घ मुदतीच्या उसनवारीचा पर्याय पुढे केला आहे. घानातील असांते राज्यातून १८७४ साली आणि नंतर नेलेल्या सोन्याच्या व राजचिन्हांच्या ३२ वस्तू ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांनी २०२४ साली कुमासी येथील राजवाड्याच्या संग्रहालयाला तीन वर्षांसाठी दिल्या. दीडशे वर्षांनी त्या वस्तू पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. तरीही त्या पाहुण्या म्हणूनच आल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने त्याच वर्षी त्याच राजवाड्याला सात वस्तू कायमच्या परत केल्या, त्यामुळे दोन्ही मार्गांतील अंतर लपून राहिले नाही.

मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. छत्रपती शिवाजी महाराजांशी जोडली जाणारी वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, ती याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून आणि तीन वर्षांच्या कराराने. ती १६५९ च्या प्रसंगातीलच आहेत असे खात्रीने सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच स्पष्ट केले आहे. साताऱ्यातील रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती आली आणि त्याच्या वंशजाकडून संग्रहालयात पोहोचली, इथवरचा माग लागतो; त्यामागचा लागत नाही. ‘परत आली’ या दोन शब्दांत आनंद मावतो, पण करार मावत नाही. नागपूरकर भोसल्यांशी संबंधित रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून विकत घेतली, हा आणखी तिसरा मार्ग. उसनवारी, खरेदी आणि मालकीसह परत या तिन्ही व्यवहारांत वस्तू विमानाने मायदेशी येते आणि तिचे स्वागत सारख्याच उत्साहाने होते; मात्र पुढच्या वेळी ती हलवायची झाल्यास कागदावर सही कोणाची लागेल, या एका प्रश्नाने त्यांच्यातील फरक उघड होतो.

राजा की राष्ट्र?

आता पुन्हा बेनिन सिटीकडे वळावे लागेल. नायजेरियाला मालकी मिळाली, पण नायजेरियातील कोणाला? ज्या राज्यातून वस्तू नेल्या गेल्या ते राज्य आज सार्वभौम नाही. राजघराणे आहे, सध्याचे ओबा एवारे द्वितीय हे ओव्होनरामवेनचे थेट वंशज आहेत, आणि एडो समाजात त्यांना मोठा मान आहे. दुसरीकडे नायजेरियाचे संघराज्य आहे. परदेशांशी करार तेच करू शकते आणि संग्रहालयांसाठी त्याचा स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आहे. तिसऱ्या बाजूला एडो राज्याचे सरकार. माजी गव्हर्नर गॉडविन ओबासेकी यांच्या काळात परदेशी निधी मिळवून मोठे संग्रहालय उभारण्याचा जो प्रकल्प आकाराला आला, तोच पुढे ‘मोवा’ झाला. ओबांना मात्र राजवाड्याच्या अधिकाराखालील ‘बेनिन रॉयल म्युझियम’ हवे होते. बेनिनच्या नावावर पैसा गोळा करून प्रकल्प दुसरीकडे नेला गेला, अशी राजनिष्ठांची भावना झाली. परत आलेल्या पितळी वस्तूंवर आपण कधीच मालकी सांगितलेली नाही, असे ‘मोवा’च्या चालकांचे म्हणणे आहे.

मार्च २०२३ मध्ये मावळते राष्ट्राध्यक्ष मुहम्मदु बुहारी यांनी राजपत्र काढून परत येणाऱ्या बेनिन वस्तूंचे मालक ओबा असतील, असे जाहीर केले. युरोपात खळबळ उडाली. आम्ही राष्ट्राला दिलेला वारसा एका कुटुंबाच्या खासगी मालमत्तेत गेला, अशी टीका जर्मनीत झाली. केंब्रिज विद्यापीठाने मे महिन्यात ठरलेला हस्तांतराचा समारंभ पुढे ढकलला. पुढे राष्ट्रीय आयोग आणि राजदरबार यांनी वस्तूंच्या व्यवस्थापनाबाबत आपसांत समझोता केला आणि नेदरलँड्सची परतफेड त्याच चौकटीत पार पडली.

ही टीका अगदीच निराधार नाही. सार्वजनिक संग्रहातील वस्तू राजवाड्याच्या बंद दारामागे गेली, तर एडो समाजातील सामान्य माणसालाही ती दिसणार नाही. नायजेरियाच्या राज्यकर्त्यांचा पूर्वेतिहासही सर्वस्वी उजळ नाही. १९७३ साली तत्कालीन लष्करी राज्यप्रमुख याकुबू गोवॉन यांनी लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयातील एक बेनिन शीर उचलून ब्रिटनच्या राणीला भेट म्हणून दिले होते. उलटपक्षी, सुरक्षिततेची हमी देणाऱ्या ब्रिटिश म्युझियमच्याच कोठारातून सुमारे २,००० वस्तू नाहीशा झाल्याचे वा खराब झाल्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झाले आणि संचालकांना राजीनामा द्यावा लागला. हलगर्जीपणा ही कोणत्याही एका खंडाची मक्तेदारी नाही. काळजी कोण चांगली घेतो, या निकषावर मालकी ठरवायची म्हटले तर जगातील फार थोडी संग्रहालये त्या परीक्षेत उतरतील.

मूळ मुद्दा असा की, राजा, राष्ट्र आणि राज्य यांच्यातील हा वाद नायजेरियातील लोकांचा आहे. वारसा कोणाचा, परंपरेचा अधिकार कोठे संपतो, लोकशाही सरकारचा कोठे सुरू होतो, याचे उत्तर त्यांच्या न्यायालयांत, विधिमंडळांत आणि प्रसंगी त्यांच्या रस्त्यांवर ठरेल. १८९७ साली या समाजाकडून वस्तूंबरोबर आणखी एक गोष्ट हिरावली गेली होती. ती म्हणजे आपापसांत भांडून निर्णय घेण्याचा हक्क. आधी तुमच्यात एकमत होऊ द्या, मग आम्ही देऊ, असे म्हणणारा तो हक्क पुन्हा स्वतःकडेच ठेवतो.

गोव्यातून गेलेला अवशेष

परत मागणाऱ्यांच्या रांगेत उभे राहण्याची सवय भारताला आहे. देणाऱ्याच्या जागी उभे राहण्याचा प्रसंग आला तो गोव्यामुळे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणातील शिराझ येथे धर्मांतरास नकार दिल्यामुळे हाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणले. पुढे मठ ओस पडला, चर्च कोसळले, एक उंच बुरूज तेवढा उरला. अवशेष मठातील एका कक्षाच्या विशिष्ट खिडकीजवळ दगडी पेटीत ठेवल्याचा उल्लेख पोर्तुगीज कागदपत्रांत होता. त्या उल्लेखाच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, हाडांचे अवशेष मिळाले आणि हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डीएनए तपासणीने २०१३ साली त्या निष्कर्षाला बळ दिले. २०१७ मध्ये हे अवशेष तात्पुरत्या दर्शनासाठी जॉर्जियाला पाठवण्यात आले. आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे त्यांचा एक भाग कायमची भेट म्हणून सुपूर्द केला.

बेनिन आणि केतेवान ही प्रकरणे एकसारखी नाहीत. गोव्यातील अवशेष कोणी तोफा लावून लुटून आणलेले नव्हते. तरीही दोन गोष्टी या उदाहरणातून स्पष्ट दिसतात. एक, जुन्या कागदातील एका ओळीपासून प्रयोगशाळेपर्यंत संशोधनाची साखळी पक्की असेल तर परत देण्याचा निर्णय भावनेच्या भरात घ्यावा लागत नाही. दोन, उसने देणे ही वाटेतली पायरी असू शकते. तिलाच मुक्काम समजण्याचे कारण नाही. आणि आपला भाग दिल्यामुळे गोवा गरीब झाला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

उरलेले काम

१९७० चा युनेस्को करार पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही. त्यामुळे १८९७ च्या लुटीला आंतरराष्ट्रीय कायद्याचे थेट उत्तर नाही. जे काही घडते आहे ते लोकमताच्या रेट्याने, संसदांच्या निर्णयाने आणि संस्थांच्या सद्सद्विवेकाने. फ्रान्सने २०२० साली खास कायदा करून दाहोमेच्या २६ राजवस्तू पुढील वर्षी परत केल्या. याचा अर्थ, कायदा आड येतो तेथे कायदा बदलता येतो. ब्रिटिश संसदेला तेवढी इच्छा झाली तर १९६३ चा अधिनियम हा काही पाषाणावरचा लेख नव्हे.

बेनिन सिटीपुढील काम वेगळे आहे. परत आलेल्या प्रत्येक वस्तूची उघड नोंद, ती पाहण्याची सामान्य माणसाला मुभा, अभ्यासकांना प्रवेश आणि इगुनच्या कारागिरांना आपल्या पूर्वजांचे काम हातात घेऊन न्याहाळण्याची सोय, एवढे झाले तर वस्तू राजवाड्यात आहे की सरकारी इमारतीत, हा प्रश्न पुष्कळसा बोथट होईल. त्यासाठी राजदरबार, राज्य सरकार आणि राष्ट्रीय आयोग यांना एका टेबलाशी बसावे लागेल, आणि ते कधी बसतील हे लंडन वा बर्लिनने ठरवायचे नाही.

वाघनखांच्या कराराची मुदत संपेल तेव्हा, त्या पोलादाच्या लहानशा तुकड्यावर कोणाचे नाव आहे, हा प्रश्न महाराष्ट्रातही विचारला जाईल. तोवर बेनिनच्या अनुभवाने एक गोष्ट शिकवून ठेवली आहे. वस्तू घरी आल्यावर तुताऱ्या वाजवण्यापूर्वी सोबतचा कागद वाचून पाहावा.